तुझा हार मी मुद्दाम तोडला

प्रिय बयो,

आधी वाईट बातमी सांगते. तू पाठवलेला हार मी तोडला. चुकून नव्हे, हातात कात्री घेऊन, पूर्ण शुद्धीत. "बघ आणि खरं काय ते सांग" असं तूच चिठ्ठीत लिहिलं होतंस. गळ्यात घालून आरशात पाहिलं, खुंटीला टांगून लांबून पाहिलं. काहीतरी बिनसलंय एवढं कळत होतं, काय ते कळेना. शेवटी दोरा कापला. आत्ता तुझे सगळे मणी माझ्यापुढे पांढऱ्या टॉवेलवर पसरलेत. (तूही टॉवेलच घेत जा. ताटात मणी ओतलेस की निम्मा वेळ पलंगाखाली जातो.)

मोजले. २१४ मणी, २३ प्रकारांचे. प्रकारागणिक एकेका वाटीत घातले. रंग अकरापर्यंत मोजले आणि सोडून दिलं.

एकेक मणी घेतला तर नाव ठेवायला जागा नाही. ते अकीक दगडाचे शेंदरी लांबट मणी, त्या खडबडीत पितळी नळ्या, ते दुधी काचमणी. निवडताना तुझी नजर चुकत नाही. ओवायला बसलीस की मात्र तुला कुणालाच "तू थांब जरा" म्हणवत नाही. जन्माचा स्वभाव! त्यामुळे हारात सगळे एकदम बोलतात आणि ऐकू कुणाचंच येत नाही.

तू म्हणशील, आदिवासी धाटणीचा हार म्हणजे रंगीबेरंगीच असायचा. मीही बरीच वर्षं असंच समजत होते. मग जुन्या हारांचे फोटो मोठे करून एकेक मणी मोजायचा नाद लागला आणि माझी समजूत खोटी ठरली. केनिया-टांझानियातल्या मसाई बायकांच्या त्या रुंद, चपट्या गळपट्ट्या आठव. डोळ्यांपुढे रंगांची जत्रा उभी राहते ना? आता रंग मोज. लाल, पांढरा, निळा, हिरवा, फार तर केशरी आणि काळा. मणी सगळे एका मापाचे. त्यातही लाल शौर्याचा, पांढरा दुधाचा, निळा आभाळाचा, हिरवा गवताचा, असं प्रत्येकाचं काम ठरलेलं. ईशान्येकडच्या नागा लोकांच्या हारात तर याहून कमी जिनसा. लांबट अकीक, पांढरा शंख, पितळ, आणि सर एकमेकांत गुंतू नयेत म्हणून मधे हाडाच्या भोकं पाडलेल्या पट्ट्या. एवढ्यावर तो हार दहा हात लांबून ओळखू येतो. जिनसा तीन-चार, पण त्याच त्या, पुन्हा पुन्हा, ढिगानं.

म्हणून मी काय केलं, तुझ्या २३ वाट्यांतल्या अठरा बाजूला सारल्या. उरल्या पाच. अकीक नऊ आहेत, तो या हाराचा यजमान. बाकीच्यांनी त्याच्याकडे लक्ष जाईल असं वागायचं. पितळी नळ्या चौदा, दुधी काचमणी भरपूर, काळे बारीक मणी त्याहून भरपूर. पाचवा तो एकुलता एक गडद निळा. तो मध्यभागी घालू नकोस हं, तो मोह मलाही झाला होता. डाव्या बाजूला, कानाच्या रेषेपासून थोडा खाली, आपलं चुकून आल्यासारखा. सगळं तंतोतंत जुळवलेला हार मला यंत्रातून निघाल्यासारखा वाटतो. हे माझं मत, वाद घालायचा असेल तर घाल.

आणि मोठे मणी मानेमागे कशाला ओवलेस गं? तीन अकीक केसांखाली दडले होते. मागचे १०-१२ सेंटिमीटर नुसते बारीक मणी घ्यायचे नाहीतर सरळ पिळाची दोरी. मान टोचत नाही, वजन पुढे राहतं आणि हार फिरत नाही. तुझा हार फिरत होता तो यामुळेच, फाशाचा काही दोष नव्हता.

त्या अकिकांबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण ते हातात घेतल्यावर माझा अर्धा दिवस गेला. नागा हारांतले अकीक पिढ्यान् पिढ्या गुजरातेतल्या ज्या खंबातहून जात आले, तिथे हा दगड मुळात असा शेंदरी नसतोच. गुजरातेतच रतनपूरच्या खाणींतून तो मळकट पिवळा-तपकिरी निघतो. वाळवतात, मग मडक्यांत घालून मंद आचेवर भाजतात, आणि त्यातलं लोह तांबडं होऊन वर येतं. नंतर जमिनीत रोवलेल्या लोखंडी खिळ्याच्या टोकावर दगड धरून शिंगाच्या हातोडीनं टिचक्या मारत आकार देतात. हा धंदा आजचा नाही. सिंधू खोऱ्यात घडलेले लांब अकीक मणी इराकमध्ये उर या प्राचीन शहरातल्या राजघराण्याच्या थडग्यांत निघाले, म्हणजे साडेचार हजार वर्षं झाली. वेज पाडायचं काम तर ऐकूनच हात दुखतात. त्या काळच्या कठीण दगडी गिरमिटानं तासाला जेमतेम २.५ मिलिमीटर आत जाता येतं, असा पुरातत्त्वज्ञ केनोयर यांचा हिशेब आहे. सहा सेंटिमीटरचा एक मणी म्हणजे २४ तास नुसतं भोक! आणि तू तो मानेमागे ओवतेस.

तुझे बारीक काचमणीही असेच फिरस्ते. मसाई म्हटलं की जे मणी आपल्याला दिसतात ते मुळात युरोपातून आले. व्हेनिस आणि बोहेमियातल्या भट्ट्यांमधून पेट्याच्या पेट्या भरून आफ्रिकेच्या किनाऱ्याला उतरायच्या. घानामधले क्रोबो लोक मात्र काचेचा मणी स्वतः करतात आणि त्यांची रीत मला फार आवडते. फुटक्या बाटल्या कुटून पूड करायची, मातीच्या साच्यात भरायची, मधे कसाव्याच्या पानाचा देठ उभा करायचा आणि भट्टीत ठेवायचं. काच वितळून एक होते, देठ जळून जातो, त्याच्या जागी वेज तयार. तुझ्या १८ वाट्यांत तसल्या खरखरीत, धुरकट मण्यांची एक वाटी आहे. क्रोबोचेच असतील असं नाही म्हणत, पण धाटणी ती. त्यांचा वेगळा हार कर. काळ्या दोरीत फक्त तेच, मधे गाठी.

रंगाचं आता. तुझे ते पारदर्शक निळे मणी पाकिटात असताना कसे चमकत होते आणि हारात मेल्यासारखे का झाले, असं तू विचारलंस. दोरा काळा होता, बयो. पारदर्शक मण्याच्या आतला दोरा म्हणजे त्याचं अस्तर. पांढऱ्या दोऱ्यात निळा हसतो, काळ्यात विझतो, लाल दोऱ्यात जांभळट होतो. चार रंगांच्या दोऱ्यांत पाच-पाच मणी ओवून खिडकीत धर, मी सांगायची गरज उरणार नाही. दिव्याखाली निवडू नकोस. पिवळ्या उजेडात मी एकदा मोरपंखी म्हणून ओवलेलं सकाळी चक्क करडं निघालं होतं.

दुसरं, शेजार. फ्रान्समध्ये शेव्हरल नावाचे एक रसायनशास्त्रज्ञ होते. १८२४ मध्ये पॅरिसच्या गोबलँ या भिंतीवरच्या विणलेल्या चित्रपडद्यांच्या कारखान्यात रंगाईचे प्रमुख झाले. तक्रार आली की तुमचा काळा रंग फिका आहे. त्यांनी काळी लोकर तपासली, तर रंगात खोट नव्हती. शेजारी निळे-जांभळे धागे विणले होते, त्यांच्यामुळे काळा मळकट दिसत होता. तू निळ्याला काळा चिकटवलास आणि काळे मणी जुने झालेत म्हणून कुरकुरत बसलीस. मधे एक दुधी मणी टाक, दोन्ही रंग आपापल्या जागी येतील. मसाई पट्ट्यांत पांढऱ्या ओळी इतक्या का, हे मला त्यानंतर उमगलं.

मापाचं थोडक्यात. बारीक मण्यांचा आकडा वाढला की मणी लहान होतो, उलटं आहे. ११ नंबर म्हणजे साधारण २ मिलिमीटर, ८ म्हणजे ३, ६ म्हणजे ४. गळ्यालगतचा हार ४० सेंटिमीटरच्या आत, गळ्याच्या खळीखाली यायला ४५. आठ मिलिमीटरचे मणी घेतलेस तर ४५ सेंटिमीटरला ५६ लागतात. आधी हा भागाकार करत जा, म्हणजे दोन मणी कमी पडले म्हणून रात्री रडायला नको.

आता रागावते. त्या गुंजा! सातही मी चिमट्यानं उचलून डबीत बंद केल्यात. लाल-काळ्या दिसतात मोहक, मान्य. अख्खी गुंज कठीण कवचाच्या आत बंद असते, पण तू सुई तापवून तिला वेज पाडलास म्हणजे ते कवच तूच फोडलंस. आत ॲब्रिन असतं, अत्यंत जहाल विष. बोटाला सुई टोचली असती तर? आणि असा हार लहान मुलानं तोंडात घातला तर? पुन्हा करायचं नाही. लालच बी हवं असेल तर रतनगुंज घे, अख्खी लालभडक, काळा ठिपका नाही. दिसायला तेवढीच देखणी.

तुझा तो 'फिरोजा'ही फिरोजा नाही, हे आताच सांगून टाकते. नेलपॉलिश काढायच्या द्रावात कापूस बुडवून घासला, कापूस निळा झाला. हाऊलाइट नावाचा पांढरा दगड रंगवून फिरोजा म्हणून खपवतात. फेकू नकोस, सच्छिद्र असल्यानं रंग छान शोषतो, फक्त घामानं कॉलरवर उतरेल. आणि कुणाला देताना खरं नाव सांग.

माझी फजिती तुला कधी सांगितली नव्हती. माझा पहिला मोठा हार, तीन पदरी, भर कार्यक्रमात तुटला. टपटप आवाज झाला तेव्हा मला वाटलं पाऊस आला. अनोळखी माणसं गुडघ्यांवर बसून माझे मणी गोळा करत होती आणि मी हसायचं नाटक करत उभी. घरी येऊन पाहिलं तर दोरा झिजला नव्हता, कापला होता. पितळी नळीची आतली कड ब्लेडसारखी! तेव्हापासून प्रत्येक धातूचा मणी आधी गोल कानशीवर फिरवून घेते आणि त्याच्या दोन्ही अंगांना एकेक बारीक काचमणी ठेवते, म्हणजे कड दोऱ्याला भिडत नाही. शिवणाचा सुती दोरा तर विसरच. मेण लावलेला जवसाचा दोरा किंवा नायलॉन घे. जड हाराला नायलॉनचं वेष्टण असलेली पोलादी तार. तारेत ४९ बारीक पेड असतील ती मऊ पडते, सातवाली ताठ. मणी ओवून झाले की फासा लावण्याआधी हार गोल वळवून धर आणि दोन-तीन मिलिमीटर ढील सोड. सरळ आडवा ठेवून घट्ट आवळलास की गळ्यात तो पट्टीसारखा उभा राहतो. तुझा तसाच राहत होता.

राहता राहिला तू विचारलेला प्रश्न, विकायला ठेवताना नाव काय द्यायचं. "नागा हार" किंवा "मसाई हार" लिहू नकोस. ते तू केलेत, त्यांनी नाही. अमेरिकेत तर १९९० पासून कायदाच आहे, तिथल्या मूळ रहिवाशांनी केलेलं नसताना त्यांच्या नावावर वस्तू विकणं गुन्हा ठरतो. कायद्याचं सोड, ज्यांचं काम पाहून आपण शिकलो त्यांच्याच गिऱ्हाइकासमोर त्यांच्याच नावानं उभं राहायचं, हे मला बरं दिसत नाही. नुसतं "ट्रायबल" हा शब्दही मला खटकतो. त्यातून कुठली जमात, कुठला देश काही कळत नाही, फक्त रानटी काहीतरी असल्याचा वास येतो. त्यापेक्षा लिही: अकीक, पितळ आणि काचेचे मणी, हाताने ओवलेला. धाटणी कुणाकडून घेतली तेही एका ओळीत लिही. घेणारी विचारेल, मग तू तिला भाजलेल्या दगडाची गोष्ट सांग.

मी नवा हार सुरू करून ठेवलाय. पहिला १२ सेंटिमीटर ओवून टोकाला चिमटा लावलाय, दोन अकीक बसलेत. पुढचं तू कर. अठरा वाट्यांतलं सगळं पुड्या बांधून डब्यात घातलंय, गुंजांची डबी सोडून. ती माझ्याकडेच राहील.

आणि एक चोरी कबूल करते. अकीक नऊ होते, तुला आठच मिळतील. एक तडा गेलेला होता, उजेडात धरला की आत केसासारखी पांढरी रेघ दिसते. तो मी ठेवून घेतला. दहा दिवसांत चिमट्याच्या पुढचं ओवून फोटो पाठव, नाहीतर दुसराही ठेवून घेतला असं समज.

तुझीच,
हारतोडी