डाव्या कानासाठी आभार

माझ्या लेकीला ऐकण्याचा सराव देणाऱ्या आदरणीय ताईंना,
सादर नमस्कार.

हे पत्र आपल्या हातात देता आले असते. परंतु लेकीच्या दोन्ही कानांना कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने बसवलेले, श्रवणतंतूंना थेट विद्युत संकेत देणारे यंत्र) असल्याचे पाहून ‘दुसऱ्याची खरेच गरज होती का?’ असे जे पालक मला विचारतात, त्यांनाही ते वाचता यावे, म्हणून सर्वांसमोर लिहीत आहे.

आवाजाला मेंदू कसा प्रतिसाद देतो हे तपासणाऱ्या बेरा चाचणीत दोन्ही कानांत अतितीव्र श्रवणदोष निघाला, तेव्हा ती अकरा महिन्यांची होती. उजव्या कानाच्या इम्प्लांटचा खर्च आम्हाला दिव्यांगांना सहायक साधने मिळवून देणाऱ्या, केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून मिळाला. पुढे ती ‘आई’ म्हणू लागली, आणि एका कानावर भागते आहे तर पुन्हा शस्त्रक्रिया कशाला, असे घरादाराने ठरवून टाकले. त्या दिवशी आपण तिच्या पाठीमागे, डावीकडे, खुळखुळा वाजवलात. आवाज तिला ऐकू आला होता, पण ती भलत्याच दिशेला शोधत राहिली. डोक्याच्या आडोशामुळे दूरच्या कानाशी आवाज क्षीण होऊन पोहोचतो आणि दोन्ही कानांतील असे फरक ताडून मेंदू दिशा ओळखतो, हे आपण आम्हाला किती सोप्या शब्दांत समजावलेत! टोरांटोच्या बालरुग्णालयातील संशोधकांनी २०१३ मध्ये मांडलेला निष्कर्षही आपण सांगितलात: एकाच कानाने ऐकण्याचा काळ दीड वर्षाहून लांबला, तर मेंदू त्याच कानाकडे झुकतो आणि दुसरा मागे पडतो. आमच्यापाशी जेमतेम पाच महिने उरले होते. डाव्या कानाच्या इम्प्लांटसाठी पतसंस्थेचे कर्ज काढण्याचे धाडस आम्ही आपल्या त्या बोलण्यावर केले.

खरी परीक्षा त्यानंतर सुरू झाली. रोज अर्धा तास उजवा प्रोसेसर (इम्प्लांटचा कानाबाहेर लावायचा, आवाज टिपणारा भाग) काढून केवळ डाव्या कानाने ऐकण्याचा सराव आपण नेमून दिला होता. उजव्या कानाने गोष्ट समजणारी पोर डाव्या कानाच्या अनोळखी गोंगाटाने रडत असे आणि काढलेल्या प्रोसेसरकडे बोट दाखवत असे. दोनदा मी सराव सोडून दिला. आपण रागावला नाहीत. मला समोर बसवून आ, ई, ऊ, म, श, स हे सहा ध्वनी तोंड झाकून कसे म्हणायचे ते पुन्हा दाखवलेत आणि कोणत्या ध्वनीला तिने प्रतिसाद दिला, एवढेच वहीत लिहायला सांगितलेत. त्या वहीत ‘आ’ नवव्या दिवशी आहे. ‘स’ यायला अडीच महिने लागले.

दोन इम्प्लांट म्हणजे दोन नैसर्गिक कान नव्हेत, हेही आपण शस्त्रक्रियेआधीच बजावले होते. बालवाडीच्या गलक्यात तिला आजही पुन्हा विचारावे लागते, आणि ‘ळ’चा ‘ल’ होतोच. परंतु गोंगाट एका बाजूला असला की दुसऱ्या बाजूच्या कानाने ती बाईंचे बोलणे पकडते. रस्त्यावर रिक्षेचा हॉर्न वाजला की त्याच बाजूला पाहते. एका आईसाठी हे किती मोठे आहे, ते आपल्याला सांगायला नको.

हल्ली सकाळी उठल्यावर ती दोन्ही हात पुढे करते. एकच प्रोसेसर दिला, तर दुसरा हात तसाच पुढे धरून बसते.

आपली कृतज्ञ,
एक आई