काकूंच्या घराविषयी

चिपळूण,
दि. १२ ऑक्टोबर २०२५

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. काकूंचे वर्षश्राद्ध उरकून, घराला कुलूप लावून तू फिनलंडमधल्या एस्पोला परतलास, तेव्हापासून त्या घराचे काय करावे हा विचार तुझ्या मनात घोळत असणार हे मी जाणून होतो. पण ते घर आमच्या संस्थेला कायमचे देऊन टाकण्याची, तिथे बेघर स्त्रियांसाठी वीस खाटांचा आश्रम काढण्याची आणि दारावर काकूंच्या नावाची संगमरवरी पाटी बसवण्याची तुझी इच्छा वाचल्यावर दोन दिवस मला उत्तर लिहायला सुचले नाही. घर मला हवे आहे. आश्रम नको, वीस खाटा नकोत आणि तू रागावणार नसशील तर पाटीही नको. एवढे तोंडावर सांगून टाकले, आता बाकीचे शांतपणे लिहितो.

पत्रासोबत तू फिनलंडविषयी जी माहिती धाडलीस, तीच मी तुझ्याविरुद्ध वापरणार आहे. १९८५ साली हेलसिंकीत निवारे आणि वसतिगृहे मिळून बेघरांसाठी २,१२१ खाटा होत्या आणि २०१६ साली त्यांतल्या ५२ उरल्या, हे तूच लिहिले आहेस. त्या खाटा गेल्या आणि त्यांच्या जागी घरे आली. साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवासंस्थेच्या सुमारे अडीचशे खाटांच्या जुन्या वसतिगृहाची ऐंशीएक स्वतंत्र घरे केली, राहणाऱ्याच्या हातात त्याच्या नावाचा भाडेकरार दिला आणि मदतीची माणसे त्याच इमारतीत ठेवली. इतके सगळे समजून घेऊनही तुझ्या देणगीत नेमका तो जुना वसतिगृहाचाच नमुना शिरला, याचे मला नवल वाटत नाही. दान म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पंगत उभी राहते: ओळीने पाट, ओळीने ताटे आणि मग ओळीने खाटा.

या कामातली जुनी रीत जिन्याची होती. आधी दारू सोड, मग निवाऱ्यात नीट राहून दाखव, औषधे वेळेवर घे, मग सामायिक खोली मिळेल, आणि तिथेही शहाण्यासारखा वागलास तर शेवटी घर. बहुतेक माणसे मधल्याच एखाद्या पायरीवरून घसरत आणि पुन्हा रस्त्यावर येत. १९९२ साली न्यूयॉर्कमध्ये सॅम त्सेम्बेरिस या मानसशास्त्रज्ञाने हा क्रम उलटा केला. मानसिक आजार असलेल्या, रस्त्यावर राहणाऱ्या माणसाला त्याने आधी घर दिले, आणि उपचार, व्यसनमुक्ती, रोजगार या गोष्टी घराची अट म्हणून न लादता घरासोबतची सोबत म्हणून देऊ केल्या. फिनलंडने २००८ पासून हेच राष्ट्रीय धोरण केले. २०२३ अखेर तिथे ३,४२९ बेघर माणसे उरली होती आणि २०२४ मध्ये तो आकडा पुन्हा ३,८०० वर गेला, याचा तुला खेद वाटतो. मला मात्र ती बातमी आपल्या उपयोगाची वाटते, कारण घर एकदा देऊन भागत नाही, दर महिन्याला ते टिकवावे लागते, हे तिच्यातून कळते.

आता आपल्याकडचे सांगतो. शहरातल्या दर एक लाख लोकसंख्येमागे बेघरांसाठी बारमाही निवारा असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितले आहे, आणि सरकारी मार्गदर्शक सूचनांत माणशी किमान ५० चौरस फूट जागेचे माप आहे. काकूंच्या माजघरात उभा राहून मी पावलांनी मोजले, तर तेवढ्या जागेत एक खाट, एक ट्रंक आणि चपला मावतात. कोसळत्या पावसात रात्र काढायची असेल तर तेही पुष्कळ आहे आणि निवाऱ्यांची मी टवाळी करत नाही, परंतु तिथे माणसाने वर्षानुवर्षे काढावी अशी कल्पना कोणी करू नये.

आमच्याकडे येणाऱ्या स्त्रिया बहुधा निवाऱ्यातूनही येत नाहीत, मनोरुग्णालयातून येतात. रेल्वे स्टेशनवर भरकटलेल्या सापडलेल्या, पोलिसांनी न्यायालयामार्फत दाखल केलेल्या, औषधांनी केव्हाच सावरलेल्या आणि घरचे नेत नाहीत म्हणून दहा-पंधरा वर्षे तिथेच राहिलेल्या. केवळ कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही, किंवा राहायला घर नाही, एवढ्याच कारणासाठी कोणालाही मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही, असे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे १९ वे कलम स्पष्ट म्हणते. मग त्यांना नेऊन ठेवायचे कुठे? २०१९ मध्ये आपल्या राज्यात अशा बऱ्या झालेल्या रुग्णांना भिक्षेकरी गृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवल्याचे समोर आले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने त्यावर नापसंती व्यक्त केली. एका मोठ्या दालनातून दुसऱ्या मोठ्या दालनात माणूस नेला, तर बदलते ती फक्त चादर.

आम्ही ज्यांच्याकडून शिकलो ती चेन्नईची द बॅन्यन ही संस्था. वंदना गोपीकुमार आणि वैष्णवी जयकुमार या दोघींनी १९९३ मध्ये ती रस्त्यावरच्या मनोरुग्ण स्त्रियांसाठी सुरू केली. उपचार होऊनही ज्या घरी जाऊ शकत नव्हत्या, त्यांच्यासाठी संस्थेने पुढे ‘होम अगेन’ नावाची पद्धत बसवली. तिच्यात चार-पाच जणींनी मिळून साध्या वस्तीतल्या भाड्याच्या घरात राहायचे, स्वयंपाक, बाजार, भांडणे, सणवार सगळे आपापसांत करायचे, आणि लागेल तेवढी मदत करायला एखादी साहाय्यिका सोबत असायची. महाराष्ट्रातही ही पद्धत आली आहे. फिनलंडसारखे प्रत्येकाला वेगळे घर का नाही, असे तू विचारशील. त्याचे एक उत्तर पैसा हे आहे आणि ते मी लपवत नाही. दुसरे असे की, आमच्या बायकांना एकटीने राहायचे आहे का असे विचारले, तर बहुतेकींनी ‘रात्री कोणीतरी हवे’ असेच सांगितले. एकीने मात्र ‘मला एकटीला खोली द्या’ असे ठामपणे म्हटले आणि ती आम्ही अजून देऊ शकलेलो नाही.

तू गणपतीत आला होतास तेव्हा आमच्या पहिल्या घरात ज्यांनी तुला कोकम सरबत दिले, त्या ताई तुला आठवत असतील. त्या चौदा वर्षे वॉर्डात होत्या. घरात आल्यावर पहिले कित्येक दिवस त्या दाराशी उभ्या राहून, दार उघडेच असताना, ‘बाहेर जाऊ का’ असे विचारत. रात्री साहाय्यिकेला बटणाचा आवाज येई, दिवा लागे, मालवला जाई, पुन्हा लागे. तिला वाटले झोप येत नाही, गोळी बदलावी लागेल. खरी गोष्ट अशी होती की वॉर्डातला दिवा रात्रभर जळत असे, त्यामुळे चौदा वर्षांत दिवा मालवण्याची वेळच त्यांच्यावर आली नव्हती, आणि आता ते बटण त्यांच्या हाताखाली होते. ‘आज जेवायला काय करायचे’ या प्रश्नाला त्यांनी सुमारे पंधरवडाभर उत्तर दिले नाही; सोळाव्या की सतराव्या दिवशी ‘आमटी नको’ म्हणाल्या. काय हवे ते अजून सांगता येत नव्हते, पण काय नको ते आले होते. मग एके सकाळी त्या एकट्या मासळीबाजारात गेल्या आणि चार बांगड्यांसाठी दहाची नोट पुढे करून उरलेले पैसे मागू लागल्या. कोळीण आधी हसली, मग चिडली, आणि शेवटी तिने भाव समजावून सांगितला. आता तीच कोळीण त्या दोन दिवस दिसल्या नाहीत तर आमच्या साहाय्यिकेकडे चौकशी करते. अशी चौकशी कोणत्याही प्रकल्प अहवालाच्या रकान्यात बसत नाही, आणि मला तर तीच या सगळ्या खटाटोपाची मिळकत वाटते.

कागदपत्रांचे दुखणे वेगळेच आहे. पत्ता नाही म्हणून आधार नाही, आधार नाही म्हणून बँकेचे खाते नाही, आणि खाते नाही म्हणून संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान नाही. त्या अनुदानासाठी राज्यात पंधरा वर्षे वास्तव्य असल्याचा दाखला लागतो. चौदा वर्षे सरकारच्याच छपराखाली काढलेल्या बाईला महाराष्ट्रातले वास्तव्य सिद्ध करायला आम्ही सात हेलपाटे घातले. भाडेकरारावर तिचे नाव आले, तेव्हा कुठे गाडे हलले. करार का हवा, असे तू विचारले आहेस म्हणून हे लिहिले.

सगळेच गोड आहे असे मात्र समजू नकोस. आमच्या दुसऱ्या घरात एक बाई चार महिने छान राहिली आणि एका पहाटे निघून गेली. तीन दिवसांनी कुडाळ स्टेशनवर सापडली. औषधे तिने महिनाभर आधीच बंद केली होती आणि आमच्या कोणाच्या ते ध्यानात आले नव्हते. तिला पुन्हा सहा आठवडे रुग्णालयात राहावे लागले. तेवढ्या काळात तिची खाट दुसरीला द्यावी, असे आमच्यातल्या काहींचे म्हणणे होते, कारण भाडे चालू होते आणि बाहेर रांग होती. मी आणि आणखी एक जण अडून बसलो. आजारी पडलेल्या माणसाचे घर जात नसते. तू न्यूमोनियाने इस्पितळात होतास तेव्हा वहिनींनी तुझे कपाट रिकामे केले नव्हते. ती परत आली तेव्हा तिची ट्रंक जागच्या जागी होती.

शेजाऱ्यांचा प्रश्न तुझ्या भावाने फोनवर काढला. ‘आळीत वेड्या बायका आणून बसवणार का’ असे त्याला दोघांनी विचारले म्हणे. त्यांना मी भेटलो. वीस जणींचा आश्रम झाला असता तर त्यांची कुरकूर मला काहीशी पटली असती, कारण मग गाड्या, देणगीदार, पाहुणे, वाढदिवसाला फळे वाटायला येणारी मंडळी, हे सगळे लटांबर आळीत आले असते. चौघी बायका आणि एक साहाय्यिका म्हणजे आळीतले आणखी एक बिऱ्हाड. दारावर पाटी लागली की त्या बिऱ्हाडाची पुन्हा संस्था होते, आणि तिथल्या बाईला भाजीवाला पाटीच्या नावाने हाक मारतो. काकूंच्या नावाला माझा विरोध नाही. अंगणातल्या तुळशीवृंदावनावर ते कोरलेले आहे, तिथे ते शोभते.

तेव्हा माझे मागणे असे आहे. घर दान देऊ नकोस, भाड्याने दे. भाडे बाजारभावाहून थोडे कमी घे, पण घे, म्हणजे नळ गळला तर आमच्या बायका उपकाराखाली न दबता तुझ्या भावाला फोन करू शकतील. करार नेहमीसारखा अकरा महिन्यांचा नको, छत्तीस महिन्यांचा नोंदणीकृत कर, कारण पहिल्या घराच्या मालकाने अकराव्या महिन्यात जागा मागितली तेव्हा तीन बायकांनी आठवडाभर अन्न टाकले होते. तुला इथे यायची गरज नाही. भावाच्या नावे मुखत्यारपत्र पाठवलेस की पुरे. आश्रमासाठी म्हणून जी रक्कम तू बाजूला काढली आहेस, ती बांधकामात न घालता दोन साहाय्यिकांच्या पगारासाठी द्यावीस, कारण आमचा मोठा खर्च भाड्याचा नसून माणसांचा आहे आणि देणगीदारांना पगारावर पैसे देणे कधीच आवडत नाही. तुलाही आवडणार नाही, हे ठाऊक असूनच लिहितो आहे.

घर मी पाहून आलो. २०२१ च्या जुलैमध्ये पुराचे पाणी तिसऱ्या पायरीला थांबले होते, ती खूण अजून दिसते. म्हणजे जागा सुरक्षित आहे. मागच्या पडवीची कौले बदलावी लागतील, मोरीत धरायला दांडी बसवावी लागेल आणि विहिरीवर जाळी घालावी लागेल. काकूंची देवघराची खोली तू बंद ठेव असे म्हणशील तर तसे करू, मात्र करारात तसे लिहू.

कोकम सरबतवाल्या ताईंना मी सोबत नेले होते, कारण राहायला येणाऱ्या चौघींत त्या आहेत आणि घर त्यांनीही पसंत करायला हवे. त्यांनी आत फारसे पाहिले नाही. ओटीवरच्या झोपाळ्याची कडी हलवून पाहिली, गंजली आहे म्हणाल्या, आणि झोपाळा इथेच राहणार का असे विचारले. तो तुझ्या वडिलांनी करवून घेतला होता हे मला माहीत आहे, म्हणून मी परस्पर काही बोललो नाही. तेवढे उत्तर उलट टपाली कळव. तुझे उत्तर आले की सांगेन, असे मी त्यांना म्हटले आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
आळीतला जुना मित्र