सातबारा नसलेली तहसील

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

पठाणी मुलखातही आपल्यासारखीच तहसील असते का, असे तू मागच्या पत्रात विचारले होतेस. तुझा जन्म महसूल खात्यात गेला, म्हणून लंडी कोतलचेच उदाहरण घेतो. ‘अटकेपार’ म्हणताना आपला भूगोल जिथे थांबतो, त्याच्याही पलीकडे, पाकिस्तानातले पेशावर ओलांडून खैबर खिंडीच्या माथ्यावर हे गाव आहे. तिथे शिनवारी आणि आफ्रिदी या पठाणी टोळ्या राहतात. पश्तो गझलेचे थोर कवी हमझा शिनवारी तिथलेच.

१८७९ च्या गंडमक तहाने खिंडीचा ताबा इंग्रजांकडे आला, परंतु त्यांना हवा होता तो केवळ रस्ता. तो निर्धोक राहावा म्हणून ते टोळ्यांना ‘मवाजिब’ नावाचा तनखा देत. तरीही ऑगस्ट १८९७ मध्ये आफ्रिदींनी लंडी कोतलचा किल्ला घेतलाच. १९२५ मध्ये जमरूदहून इथवर आगगाडी आली, पण सरकारी कायदा मात्र मुख्यतः सडकेपुरताच राहिला.

या तहसिलीतही तहसीलदार होता. त्याला ‘पोलिटिकल तहसीलदार’ म्हणत. पण त्याच्या दप्तरात सातबारा नव्हता, कारण मुळात जमाबंदीच झालेली नव्हती. त्याचे काम मलिकांशी, म्हणजे टोळीप्रमुखांशी, बोलणी करण्याचे आणि वरच्या पोलिटिकल एजंटाचा, म्हणजे त्या मुलखाच्या सरकारी कारभाऱ्याचा, हुकूम पोचविण्याचे. १९०१ च्या सरहद्द गुन्हे नियमावलीनुसार हा एजंट स्वतःच नेमलेल्या जिरग्याचे, म्हणजे वडीलधाऱ्यांच्या पंचायतीचे, मत घेऊन शिक्षा ठोठावी. एकाच्या गुन्ह्यासाठी त्याच्या साऱ्या टोळीला धरता येई, मालमत्ता जप्त करता येई, वाट अडविता येई. ‘ना अपील, ना वकील, ना दलील’ असे लोक या कायद्याविषयी म्हणत. परक्या राज्यकर्त्यांनी हा नियम केला यापेक्षा १९४७ नंतरही तो सात दशके चालू ठेवला गेला, याचे मला अधिक दुःख होते. वृद्ध, स्त्रिया आणि सोळा वर्षांखालील मुले यांना या सामूहिक जबाबदारीतून वगळायला २०११ साल उजाडावे लागले! सामान्य प्रौढांना मतदानाचा हक्कही १९९७ च्या निवडणुकीतच प्रथम बजावता आला. तोवर मते देत ते मलिकच.

मे २०१८ मध्ये पाकिस्तानच्या पंचविसाव्या घटनादुरुस्तीने हा सारा टोळ्यांचा मुलूख खैबर पख्तुनख्वा प्रांतात विलीन झाला, उच्च न्यायालयाची कक्षा तिथवर पोचली आणि पुढल्या वर्षी खासादार, म्हणजे टोळ्यांतूनच नेमलेले शिपाई, पोलिसांत सामील झाले. मला हे न्याय्यच वाटते, कारण दाद मागण्याची सोय ही काही परंपरेवर आलेली गदा नव्हे.

आता तुझ्या अनुभवाचा एक प्रश्न. तिथे टोळीतल्या प्रत्येक शाखेचा वाटा ‘निकात’ या वडिलोपार्जित प्रमाणाने ठरत आला आहे. हद्दी वडीलधाऱ्यांना तोंडपाठ असत, कागदावर नसत. अशा सामाईक डोंगरउताराची पहिली नोंद करायला तुला बसविले, तर भोगवटादाराच्या रकान्यात तू कोणाचे नाव लिहिशील? सविस्तर कळव.

तुझा स्नेहांकित मित्र