अंथरूण सोड, पण बेतानं

नौपाडा, ठाणे

प्रिय मधू,

वहिनींशी फोनवर बोलणं झालं. तू दिवसभर पलंगावर असतोस, पाण्याचा पेलासुद्धा हातात आणून देतात, हे ऐकल्यापासून चैन नाही. वहिनींची भीती मला कळते. हार्ट फेल्युअर हे नावच असं, की घरच्यांना वाटतं हृदय आता कुठल्याही क्षणी बंद पडणार. खरं तर पंप चालू असतो, त्याचा जोर कमी झालेला असतो. माझं पंपिंग, म्हणजे दर ठोक्याला हृदय आपल्यातलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा, ३० टक्क्यांवर आलं तेव्हा आमच्या घरीही हेच झालं. मला कुणी जागचं हलू देईना.

एके काळी डॉक्टरही या आजारात महिनोन्महिने पडून राहायला सांगत. पण पडून राहिल्यानं काय होतं, ते इथल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला नीट समजावलं. आपल्याला दम लागतो तो एकट्या हृदयामुळे नाही. या आजारात मांड्या-पोटऱ्यांचे स्नायूही झिजतात. रक्तातून येणारा प्राणवायू त्यांना पुरता वापरता येत नाही, म्हणून थोडं चाललं की पाय भरून येतात आणि धाप लागते. मग माणूस आणखी बसून राहतो आणि स्नायू आणखी झिजतात. व्यायामानं हे उलटं फिरवता येतं, मधू. पंपिंगचा आकडा तोच राहिला, तरी पाय तेवढ्याच रक्तात जास्त काम करू लागतात. मला तर हे ऐकूनच धीर आला.

आणि हे नुसतं बाईंचं म्हणणं नाही. २००९ मध्ये 'एचएफ-अ‍ॅक्शन' या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. पंपिंग ३५ टक्के किंवा त्याहून कमी असलेले २,३३१ रुग्ण तिच्यात होते. व्यायाम सुरक्षित ठरला, रोजचं जगणं थोडं सुधारलं. आयुष्य वाढतं असं मात्र ठामपणे म्हणता आलं नाही, आणि तुला खोटी आशा मी लावणार नाही. पण पुढे अशा अनेक चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा हॉस्पिटलात भरती व्हायची वेळ कमी येते असं दिसलं. ज्यानं त्या खाटेवर रात्री काढल्यात त्याला याची किंमत सांगायला नको.

माझी सुरुवात सहा मिनिटांच्या चालण्याच्या चाचणीनं झाली. सपाट कॉरिडॉरमध्ये सहा मिनिटांत किती मीटर चालता येतं ते मोजतात, मध्ये थांबलं तरी चालतं. मग देखरेखीखाली सायकल, खुर्चीतून उठणं-बसणं, हलकी वजनं. वजन उचलताना श्वास रोखायचा नाही, हे बाई सतत बजावत. बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाची गती मंद ठेवणाऱ्या गोळीमुळे नाडी एरवीइतकी वाढत नाही, त्यामुळे किती जोर लावायचा ते नुसत्या नाडीवरून नीट ठरवता येत नाही. म्हणून ६ ते २० अशी श्रमाची पट्टी दाखवतात; ६ म्हणजे काहीच श्रम नाहीत, २० म्हणजे अगदी कमाल. आपल्याला 'किती श्रम वाटतात' ते सांगायचं. मला ११ ते १३ च्या दरम्यान राहायला सांगितलं. साधी खूण म्हणजे चालता चालता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे.

आता मी सकाळी तलावपाळीला जातो. मासुंदा तलावाभोवतीचा रस्ता सपाट आहे, बसायला जागा आहे. येऊरचा चढ मला मना आहे आणि त्याचा मोहही मी धरत नाही. स्टेशनचा जिना मात्र चढतो, मध्ये एकदा थांबून. पूर्वी त्या जिन्याच्या धास्तीनं मुंबईला जाणंच सोडलं होतं.

तरी हे वाचून उद्याच गल्लीत फेऱ्या मारायला लागू नकोस! आधी औषधं बसू देत, डॉक्टरांनी तपासून हो म्हणू देत. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, खाण्याआधी वजन कर. तीन दिवसांत २ किलोहून जास्त वाढलं, पाय सुजले किंवा आडवं पडल्यावर श्वास कोंडला, तर व्यायाम बंद आणि डॉक्टरांना लगेच फोन. ताप असेल तर विश्रांतीच. चालताना छातीत दुखलं, चक्कर आली, तर तिथेच थांबायचं. अंगावर काढू नकोस.

हे पत्र वहिनींनाही वाचायला दे. पुढच्या तपासणीला दोघं जा आणि कार्डियाक रिहॅबबद्दल, म्हणजे मी केला तशा देखरेखीखालच्या व्यायामाबद्दल, स्पष्ट विचारा, "यांना कार्डियाक रिहॅब चालेल का, आणि साताऱ्यात कुठे होईल?" तिथे सोय नसेल तर दोघं ठाण्याला या. आमची मागची खोली रिकामी आहे, बाईंशी मी बोलून ठेवतो. डॉक्टर काय म्हणाले ते त्याच दिवशी कळव.

तुझा,
अण्णा