तिसऱ्या वर्षीच्या मदतीचे काय?

मा. संपादक,

कुठेही भूकंप झाला की दुसऱ्या दिवशी मदतीची आवाहने सुरू होतात आणि आठवडाभरात देणगीदारांच्या याद्या छापून येतात. देणाऱ्यांच्या मनाबद्दल मला शंका नाही. पण मी नोकरीभर बांधकामावर पर्यवेक्षक होतो. त्यातली काही वर्षे किल्लारीच्या भूकंपानंतरच्या पुनर्वसनात गेली, पुढे काही महिने कच्छमध्ये. देणगी कुठे मुरते आणि कुठे नुसती वाहून जाते हे जवळून पाहिले, म्हणून लिहितो.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबाद भागात आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. जगात भूकंप होतात त्या मानाने हा मध्यमच, भूकंपमापनात सव्वासहाच्या आसपासचा. जीव घेतला तो भिंतींनी. आत एक थर, बाहेर एक थर, मध्ये माती आणि दगडांचा चुरा. दोन्ही थर एकत्र धरणारा आरपार दगड कुठेच नाही. वर मातीचे जड माळवद. धक्का बसताच थर दोन बाजूंना फाकले आणि माळवद झोपलेल्यांवर आले.

त्यानंतर बावन्न गावे पूर्णपणे नव्या जागी हलवली. त्यांतली बरीच संस्थांनी दत्तक घेतली. अशाच एका गावावर मी होतो. ठेकेदार बाहेरचा, मजूर बाहेरचे. जमिनीवर आखणीची चुन्याची फक्की मीच टाकली: सरळ रस्ते, एका मापाची घरे, जुन्या गावठाणाच्या कितीतरी पट पसारा. ज्यांची घरे होती ते लोक कडेला उकिडवे बसून बघायचे. त्यांच्यात एक म्हातारा गवंडी होता. एक दिवस तो जवळ आला आणि म्हणाला, ‘सायब, उद्या पोराचं लगीन झालं, एक खोली वाढवायची म्हनलं, तर ही सळई कुठनं जोडायची?’ मी घाईत होतो. उद्घाटनाची तारीख ठरलेली, स्लॅबला पाणी मारायचे दिवससुद्धा भांडून मिळवावे लागत होते. ‘काही वाढवू नका,’ एवढेच बोललो. संगमरवरी पाटीचा मजकूर मात्र माझ्याकडून दोनदा तपासून घेतला गेला. शुद्धलेखन बिनचूक होते.

दहा-बारा वर्षांनी त्या गावात गेलो. पोरांची लग्ने झाली होती आणि खोल्याही वाढल्या होत्या. आमच्या काँक्रीटच्या घराला टेकून दगड-मातीची भिंत उभी होती, आरपार दगडाशिवाय, भिंतींना बांधून धरणाऱ्या काँक्रीटच्या पट्ट्याशिवाय. ज्या भिंतीने गाव मारले तीच परत आली होती, आणि तिला तिथपर्यंत आणण्यात माझा हात होता.

त्याच पुनर्वसनाची दुसरी बाजू कमी सांगितली जाते, कारण तिथे पाट्या लागल्या नाहीत. हलवलेल्या गावांपेक्षा कितीतरी जास्त गावांत घरे दुरुस्त आणि मजबूत करायची होती. तिथे पैसा हप्त्यांनी घरमालकाला मिळाला आणि काम त्यानेच करवून घेतले. गावातल्या महिला मंडळांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमले होते. कोणाचा हप्ता अडला, कोणाच्या कामात काय राहिले, हे त्या बायका घरोघर फिरून बघत. २००१ च्या भूकंपानंतर कच्छमध्ये हीच पद्धत मोठ्या प्रमाणावर चालली, २०१५ च्या भूकंपानंतर नेपाळनेही अनुदान तीन हप्त्यांत घरमालकांनाच दिले. पाया झाला, तपासला, पुढचा हप्ता. लिंटेलचा, म्हणजे दारे-खिडक्यांच्या वरचा पट्टा झाला, तपासला, पुढचा हप्ता. उशीर होतो, कटकट होते, पण सळयांभोवतीच्या रिंगेचा हूक धक्क्यात उघडू नये म्हणून १३५ अंशांत का वळवायचा हे गावातल्या कोणाच्या तरी हाताला कायमचे कळते.

आता देणाऱ्यांना माझी विनंती. जुने कपडे पाठवू नका. मी गोदामात गाठोडी सोडली आहेत. ती उतरवायला माणसे लागतात, ठेवायला कोरडी जागा लागते आणि पाण्याचा टँकर ज्या रस्त्याने येतो तोच रस्ता त्या ट्रकने अडतो. पहिल्या दिवसांत तंबू, औषधे आणि पाणी लागते, ते अनुभवी यंत्रणांना द्या. बाकीची रक्कम हातची राखून ठेवा. साधारण वर्षाने बातम्या थांबतात, स्वयंसेवक परततात आणि माणसे पत्र्याच्या शेडमध्ये दुसरा उन्हाळा काढत असतात. खरे बांधकाम तेव्हा सुरू होते.

तेव्हा काय लागते? गवंड्यांना शिकवणारा एक जाणता गवंडी, दोन-तीन वर्षे तिथेच राहणारा. एक कनिष्ठ अभियंता, जो ठेकेदाराचा नाही. आणि कागदपत्रांत मुरलेले एक माणूस. हे तिसरे फार महत्त्वाचे. घर सासऱ्याच्या नावावर, सासरा ढिगाऱ्याखाली गेला, नवराही गेला. सुनेने हप्ता कोणत्या कागदावर मागायचा? भाड्याने राहणाऱ्याचे नाव तर घराच्या उताऱ्यावर कुठेच नसते. अशा माणसांच्या पगाराला देणगी मागून बघा, मिळत नाही. पगारावर पाटी लावता येत नाही ना.

आणि आपल्याला एक विनंती. देणगीदारांची यादी छापता तशी, भूकंपाला तीन वर्षे झाली की त्याच गावात एक वार्ताहर पाठवा. उद्घाटन झालेली घरे त्याने मोजू नयेत. घराच्या मागच्या बाजूला जाऊन नवी वाढवलेली खोली बघावी आणि ती कशाने बांधली आहे ते छापावे.

– एक निवृत्त बांधकाम पर्यवेक्षक