आठ टक्क्यांच्या अहवालानंतर

आदरणीय ग्रंथपाल मॅडम,

सादर प्रणाम.

1972 च्या दुष्काळावरील माझा एम.ए.चा लघुप्रबंध घेऊन मी आपल्याकडे आले, तेव्हा साधर्म्य तपासणीच्या, म्हणजे मजकूर इतरांच्या लेखनाशी किती जुळतो हे संगणकावर पाहण्याच्या, अहवालात आठ टक्के आले होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या विनियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतच्या साधर्म्याला दंड नाही, एवढेच मला ठाऊक होते. आपण अहवाल बाजूला ठेवलात, कपाटातून एक इंग्रजी पुस्तक काढलेत आणि माझ्या दुसऱ्या प्रकरणाशेजारी उघडून ठेवलेत. माझी तीन पाने म्हणजे त्या पुस्तकाचा सरळ मराठी अनुवाद होता आणि लेखकाचा उल्लेख कुठेही नव्हता. भाषा बदलल्यामुळे संगणकाला जे दिसले नाही, ते आपल्याला पहिल्या परिच्छेदातच दिसले. अनुवाद मी स्वतः, शब्दकोश घेऊन, दोन रात्री जागून केला होता. त्यामुळे ते वाङ्मयचौर्य ठरते हे पटायला मला वेळ लागला, हे कबूल करते.

मला रागावण्याऐवजी आपण समजावून सांगितलेत की, 1972 मध्ये दुष्काळ पडला हे सांगायला संदर्भ लागत नाही; पण खडी फोडण्याच्या कामांवर बायका एवढ्या मोठ्या संख्येने का आल्या, याची एखाद्या अभ्यासकाने लावलेली संगती ही त्याची कमाई असते आणि ती कोणत्याही भाषेत मांडली तरी त्याच्याच नावावर राहते. मूळ सरकारी अहवाल न पाहता, दुसऱ्याच्या पुस्तकातून उचललेले आकडे मी थेट अहवालाच्या नावे दिले होते, तेही आपण सुधारून घेतलेत. टिपणवहीत दुसऱ्याचे शब्द निळ्या शाईने, पृष्ठक्रमांकासह, आणि स्वतःचे विचार पेन्सिलीने लिहायची सवय तेव्हापासून लागली. पुस्तक मिटून लिहायचे आणि मग पडताळायचे, हे मात्र अजून नीट जमत नाही.

दुसरे प्रकरण पुन्हा लिहायला पाच आठवडे लागले. त्यात पाने कमी झाली आणि तळटीपा वाढल्या.

आता हे पत्र का, ते सांगते. लघुप्रबंधातील माझा ऋणनिर्देश एका ज्येष्ठ विद्यार्थिनीच्या प्रबंधातून जवळजवळ जसाच्या तसा घेतलेला होता. ऋणनिर्देश साधर्म्य तपासणीतून वगळला जातो, त्यामुळे तो कुणाच्या लक्षात आला नाही आणि बांधणी झाल्यावर माझ्या लक्षात आला. त्यात आपले आभार आहेत, पण ते शब्द माझे नव्हते. हे आहेत.

आपली विद्यार्थिनी