"कळलं का?" विचारू नका

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरात श्रमदानाने घर बांधणाऱ्या ग्रुपचे फोटो येतात, हेल्मेट घातलेले हसरे चेहरे, घमेल्यांची रांग वगैरे, बघून बरं वाटतं. मी पण बरेच शनिवार-रविवार अशी घमेली उचललीत म्हणून लिहितोय, कारण फोटोत न दिसणारी गोष्ट म्हणजे तिथे माणसं एकमेकांशी काय बोलतात, आणि घर बिघडतं ते बहुतेक तिथेच.

आमचंच सांगतो. खोलीची लांबी दहा फूट, असं सकाळी सगळ्यांना सांगितलं आणि आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. एका टीमने मोजलं भिंतीच्या आतून आतपर्यंत, दुसरीने मोजलं भिंतीच्या मध्यापासून मध्यापर्यंत. भिंत 9 इंची, म्हणजे दोन्ही बाजूंची साडेचार-साडेचार धरून बरोब्बर 9 इंचांचा घोळ! तीन थर चढल्यावर मिस्त्रींनी खोलीचे कर्ण (कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर) मोजले तेव्हा लक्षात आलं, मग काय, उतरवा विटा. टेप दोघांचाही बरोबर होता, काटकोन बघायचा गुण्याही बरोबर लावला होता, फक्त "कुठून कुठे?" हे दोन शब्द कोणी विचारले नाहीत. नवीन माणसाला वाटतं विचारलं तर हसतील, आणि जुन्याला वाटतं एवढं तर कळतच असेल.

तेव्हापासून मला "कळलं का?" या प्रश्नाचा रागच येतो, कारण त्याला उत्तर एकच, हो. त्याऐवजी "आता तू काय करणार ते सांग बघू" म्हणावं, पंधरा सेकंद जातात पण सगळं बाहेर येतं.

दुसरं दुखणं म्हणजे पाणी मारणं. सिमेंटच्या कामाला निदान 7 दिवस तरी ओल लागते हे सगळ्यांना पाठ, पण आमच्यात शनिवारची माणसं वेगळी रविवारची वेगळी, "संध्याकाळी पाणी मारा रे" असं सगळ्यांना मिळून सांगितलं की प्रत्येकाला वाटतं दुसरा कोणीतरी मारेल, आणि भिंत कोरडी. हे आळसाने होतं असं मला नाही वाटत. रिंगेलमान नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने माणसांना दोर ओढायला लावून बघितलं होतं, 1913 साली ते छापून आलं, माणसं वाढली तसा प्रत्येकाचा जोर कमी पडत गेला, थोडं अंग चोरल्यामुळे असेल पण थोडं ओढण्याचा मेळ न बसल्यामुळे पण. घमेल्यांच्या रांगेत आठ जण उभे राहून बघा, म्हणजे दोर न ओढताच कळेल. नाव घेऊन एकालाच सांगितलं की काम होतं, आणि जाताना दुसऱ्या दिवशीच्या माणसाला फोन करायचा, ग्रुपवर मेसेज टाकून मोकळं नाही व्हायचं (तिथे अंगठे येतात, पाणी येत नाही).

बरं, शिकलेला मोठा माणूस टीममध्ये असला की अजून पंचाईत, तो चुकला तरी कोणी बोलत नाही. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर 1984 पासून गरजूंना घरं बांधून देणाऱ्या हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या संस्थेच्या घरांवर पत्नीसोबत हातोडी घेऊन काम करायचे, आता त्यांना कोणी "साहेब, खिळा वाकडा गेला" म्हणायचं का ते मला माहीत नाही, पण आमच्याकडे साध्या मॅनेजरला सुद्धा कोणी म्हणत नाही! एकच ठिकाणी मी सगळ्यांना थांबलेलं बघितलंय, परांचीवरून कोणी "थांबा" ओरडलं की. तिथे पहिल्याच दिवशी ठरलं होतं की थांबा म्हणायचा हक्क सगळ्यांना, काल आलेल्या पोराला पण, आणि त्याला नंतर कोणी झापायचं नाही. मापाच्या बाबतीत पण तेच ठरवलं असतं तर आमच्या विटा वाचल्या असत्या.

तर एक विनंती, पुढच्या वेळी असा फोटो छापाल तेव्हा बातमीदाराला तिथे एवढंच विचारायला सांगा, आज संध्याकाळी पाणी कोण मारणार? एकाच माणसाचं नाव आलं तर फोटो मोठा छापा.

तुमचा एक वाचक